भूकंपाचा फोन येतो तेव्हा

विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात नव्या प्राध्यापकांशी बोलताना मी इटलीतल्या लाक्विला शहराचं उदाहरण आवर्जून देते. 2009 च्या मार्चमध्ये तिथे लहान धक्के बसत होते. 31 मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. तिच्या आधीच नागरी संरक्षण विभागाचे उपप्रमुख टीव्हीवर म्हणाले, ऊर्जा थोडीथोडी बाहेर पडतेय, त्यामुळे धोका नाही. याला शास्त्रीय आधार नव्हता. 6 एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. 2012 मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. 2014 मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. ते विधान तेव्हाच कोणीतरी ठणकावून खोडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

कोयना परिसरात धक्का बसला की आपल्याकडेही भूशास्त्राच्या प्राध्यापकांचे फोन खणखणतात. ‘आता मोठा होणार का?’ भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, हे स्पष्ट सांगा. घराची मजबुती तपासून घ्या, हेही सांगा. वार्ताहराला बातमी कधी द्यायचीय ते विचारा, हवं तर अर्धा तास मागा, पण मग फोन नक्की करा. नाव छापायचं नसेल तर बोलण्याआधी ठरवा. विषय आपला नसेल, तर जाणकार सहकाऱ्याकडे पाठवा. विद्यार्थ्यांची खासगी माहिती मात्र कधीच देऊ नका.

प्राध्यापकहो, फोन टाळू नका. तुम्ही बोलला नाहीत, तर लोक अफवाच ऐकतील.