पुटीखालचा गंज

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या ‘एमजीबी’ या स्पोर्ट्स कारला वेगळी चासी नाही. दारांखालच्या पोकळ पत्र्यांवर सांगाड्याची मजबुती असते आणि गंज नेमका तिथे आतून लागतो. तो पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करतात. नाहीतर गाडी मधोमध खचते, दार लागत नाही. फारच चिकाटीचे काम! म्हणून कोणी नुसती पुटी भरून रंग मारतो. प्रदर्शनात गाडी चमकते, विकलीही जाते.

भिजलेले धान्य ढिगाखाली ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले होते, ते वर का ठेवले नाहीस? प्रामाणिक मालक गंजलेल्या पत्र्याचे फोटो गाडीशेजारी मांडतात. मी रंगाआधी ते फोटो पाहीन.