अंधत्व आणि नेत्ररक्षण : आपण काय करू शकतो?

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला चेहऱ्याआधी सह्या ओळखू येऊ लागतात. काही वर्षांपूर्वी कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका दर महिन्याला पैसे काढायला येत. त्यांची सही हळूहळू रेघ सोडून खाली घसरू लागली. मी दोनदा स्लिप परत केली. "काका, सही जुळत नाही, नीट करा." तिसऱ्या वेळी ते हळू आवाजात म्हणाले, "अरे बाबा, रेघच दिसत नाही मला." माझी मान खाली गेली.

पुढे तपासणीत कळले की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता व डाव्या डोळ्यात काचबिंदू. उजवा डोळा शस्त्रक्रियेने सुधारला, डावा कायमचा गेला. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचे दोन वेगळे निकाल का लागले? मी डॉक्टर नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. पण वाचून व विचारून जे समजले ते समाजबांधवांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

अंध कोणाला म्हणावे?

अंध म्हणजे ज्याच्यापुढे पूर्ण काळोख, असा आपला समज असतो. वस्तुतः अनेक अंध व्यक्तींना उजेड आणि सावली कळते. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून दिसते, ते ज्याला असलेला चष्मा लावून, त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्यानेही ३ मीटरवरून दिसत नाही, त्याला राष्ट्रीय कार्यक्रमात अंध धरतात. हा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आपल्या देशात १९७६ साली सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे. म्हणजे तीन अंधांपैकी दोघांचे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होण्यासारखे आहे!

मोतीबिंदू आणि काचबिंदू

डोळ्यातील पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होते, तो मोतीबिंदू. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की दृष्टी येते. "मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" हा जुना सल्ला आता सोडून द्यावा. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की डॉक्टरांना दाखवावे. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांनी गोरगरिबांच्या अशा लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या व २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि पनवेलची नेत्ररुग्णालये जवळ आहेत.

काचबिंदू मात्र चोरपावलाने येतो. डोळ्यातील द्रवाचा दाब बहुधा वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. बऱ्याचदा दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचे दिसणे जाते, समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते. म्हणून माणूस गाफील राहतो. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली मात्र थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. रक्ताच्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका वाढतो. आपण चाळिशीचा चष्मा करायला जातोच, त्याच वेळी डोळ्याचा दाबही तपासून घ्यावा.

मधुमेहाचा फटका

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. दिसते आहे तोवर कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मधुमेह असणाऱ्याने दरवर्षी डोळ्यात औषध घालून पडदा तपासावा. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेह होता व अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावली होती. तशा अवस्थेत त्यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ सिद्ध केला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. त्या काळी नसलेले उपचार आज आपल्या हाताशी आहेत.

शेत आणि कारखाना

रसायनीच्या एका अंगाला भातशेती आणि दुसऱ्या अंगाला कारखाने. दोन्हीकडे डोळ्याला धोका आहे. कापणी-झोडणीच्या वेळी भाताची पात किंवा कुसळ बुबुळाला लागते. जखम बारीक असते, पण तिच्यात बुरशी धरते. मग कोणी जिभेने कचरा काढतो, कोणी मध किंवा दूध घालतो, कोणी दुकानातून लाली घालवणारे थेंब आणतो. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली जाते आणि बुरशी मोकाट वाढते. शेवटी बुबुळावर पांढरे फूल पडते. डोळा लाल आहे, खुपतो आहे, उजेड सहन होत नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते म्हणतात. पण दिसले तरी ते आपण काढू नये, डॉक्टरांना काढू द्यावे!

आम्ल, कॉस्टिक किंवा खाण्याचा चुना डोळ्यात गेला तर "उतारा काय?" असे विचारीत बसू नये. पापण्या उघड्या धरून ताबडतोब स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि मगच दवाखाना गाठावा. चुना आम्लापेक्षाही खोल शिरतो. म्हणून चुन्याची पुडी, डबी मुलांच्या हाती देऊ नये. कामावर मिळालेला सुरक्षा चष्मा खिशात ठेवून डोळा वाचत नाही.

मुलांकडे लक्ष

पुस्तक नाकाशी धरणारे, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे मूल 'ढ' नसते, त्याला चष्मा हवा असतो. तिरळेपणा म्हणजे नशीब नव्हे, लहान वयात उपचार झाले तर तो डोळा वाचतो. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस मिळतात, ते चुकवू नयेत. शेवग्याचा पाला, माठ, पपई, आंबा हे तर आपल्या परसातलेच औषध.

अंध बांधवांशी व्यवहार

लुई ब्रेल यांचा डोळा तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यातील आरीने फुटला, नंतर दुसराही गेला. त्याच मुलाने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ठिपक्यांची लिपी तयार केली. अंध माणसाला दया नको, संधी हवी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना एक टक्का जागा राखून ठेवल्या आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो. रिझर्व्ह बँकेने २००८ साली स्पष्ट केले आहे की चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी अंध ग्राहकाला नाकारता येणार नाहीत. शंभराच्या नव्या नोटेवर चार आणि पाचशेच्या नोटेवर पाच उंचावलेल्या रेघा असतात, त्या बोटांनी ओळखाव्यात म्हणूनच.

नेत्रदान

बुबुळ पांढरे झालेल्याला दुसऱ्याचे बुबुळ बसवता येते. काचबिंदूने गेलेला डोळा मात्र त्याने येत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला ताबडतोब कळवावे. पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा. चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेलेही दान करू शकतात. चेहरा विद्रूप होत नाही. नेत्रदान केल्यास पुढच्या जन्मी आंधळेपण येते, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. जातककथेतील शिबी राजाने जिवंतपणी डोळे दिले, आपल्याला तर मरणानंतर द्यायचे आहेत. बौद्धबहुल श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था स्थापली आणि तो छोटा देश इतर देशांना बुबुळे पुरवू लागला. मात्र अर्ज भरून काम संपत नाही. अखेरची संमती घरच्यांची लागते, म्हणून ही इच्छा आजच घरात बोलून ठेवावी.

त्या काकांनी आपल्या दोन्ही भावांची तपासणी करून घेतली. धाकट्याला काचबिंदूची सुरुवात होती. तो आज रोज थेंब घालतो आणि वर्तमानपत्र वाचतो. एका गेलेल्या डोळ्याने दोन डोळे वाचवले. आपण तेवढे नुकसान होण्याची वाट कशाला पाहायची? ही स्मरणिका वाचून होताच घरातील चाळिशीपुढील प्रत्येकाची तपासणी कधी करायची, तो दिवस ठरवावा, ही नम्र विनंती.