गोळी आणि मिठाची पुडी

धारूरला माझं मेडिकल आहे. दिवाळी सरली की वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर लागतात आणि मुकादमाची उचल घेतलेली माणसं ऊसतोडीला निघतात. त्या गडबडीत एका संध्याकाळी ओळखीतला एक पोरगा काउंटरपाशी आला. लातूरला नीटचं त्याचं दुसरं वर्ष. गिऱ्हाईक सरेपर्यंत थांबला आणि मोबाइलवर नाव दाखवलं, मोडाफिनिल.

"काका, ही घेतली की झोप येत नाही आन् डोकं डबल चालतंय म्हणतेत. आई-बाप उद्या कर्नाटकात चाललेत. औंदा नंबर लागलाच पायजे."

मी गोळी दिली नाही. दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याचा आजार असतो, त्यासाठीचं हे औषध. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. पण नुसतं "नाही" म्हणून त्याला परत पाठवणं मला जमेना. स्टूल दिलं, बसवलं.

त्याला मेलबर्नचा प्रयोग सांगितला. २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. ४० निरोगी तरुण माणसांना वेगवेगळ्या दिवशी मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट, डेक्स्ट्रोअँफेटामिन आणि एकदा औषध नसलेली गोळी देऊन एक कोडं घातलं : पिशवीला वजनाची मर्यादा आहे, प्रत्येक वस्तूचं वजन आणि किंमत ठरलेली आहे, जास्तीत जास्त किमतीचा माल भरा. औषध घेतल्यावर माणसं जास्त वेळ झटली, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, पण त्या धडपडीतला नेमकेपणा घटला. एरवी जे सरासरीपेक्षा सरस होते, ते गोळीवर बहुधा सरासरीच्या खाली आले.

"तुझी आई आत्ता घरी हेच कोडं सोडवत असेल," मी म्हणालो. सहा महिन्यांचा संसार एका गाठोड्यात. पोरगा पहिल्यांदा हसला.

दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. ती झोपच मारली तर राहिलं काय? आणि समजा, गोळी खरंच लागू पडली असती, तर सगळ्यांनीच घेतली असती. कॉलेजच्या जागा तेवढ्याच राहिल्या असत्या. फक्त न घेणाऱ्या पोरालाही ती घेणं भाग पडलं असतं. मला या गोष्टीची जास्त भीती वाटते.

बुद्धी वाढवण्याला माझा विरोध नाही. ती वाढवणारी वस्तू शेजारच्या किराणा दुकानात मिळते, आयोडीनचं मीठ. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. ७० वर्षांचं मिळून ४ ग्रॅमही भरत नाही. पण गरोदरपणात ते फार कमी पडलं, तर थायरॉइडचं संप्रेरक अपुरं पडतं, बाळाच्या मेंदूची घडण अर्धवट राहते, आणि ती उणीव पुढे कोणत्याच गोळीनं भरून निघत नाही. डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन याच उणिवेतून होणारा गलगंड हटतो हे दाखवलं. १९६२ला देशभराचा कार्यक्रम सुरू झाला; १७ मे २००६पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. अतिरेक इथंही नको, जादा आयोडीननंही थायरॉइड बिघडतो. पण उणीव भरून काढणं वेगळं आणि धडधाकट मेंदूला चाबूक मारणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टरपाशी गेलो. पोराची वहिनी दोन जीवांची, तीही टोळीत निघालेली. लोहाच्या गोळ्या घेतल्या का विचारलं, होत्या. मीठ मात्र फडक्यात बांधलेलं, जनावरांसाठी आणलेलं खडे मीठ.

"मावशी, पुडीचं मीठ न्या. झाकणाच्या डब्यात ठेवा, चुलीपासून लांब. उघडं राहिलं, ओल लागली की त्यातलं आयोडीन उडतं."

"आरं बाबा, आता डबा कुठं कोंबू?"

पोराच्या आईनं गाठोडं परत सोडलं. थोडा वेळ बघत राहिली. मग एक भगुणं काढून पोराच्या हातात दिलं आणि तिथं डबा बसवला.