मराठी साकींत मोशेची कथा

कीर्तन म्हटलें कीं देवळाचा सभामंडप डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु मोशे, योसेफ व एस्तेर राणी यांचीं आख्यानें मराठींत लावणारे कीर्तनकारही आपल्याकडे होऊन गेले. ते बेने इस्रायल, म्हणजे रायगड किनाऱ्यावरील यहुदी.

त्यांच्या परंपरेप्रमाणें अलिबागनजीक नवगांवीं गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. हें केव्हां घडलें हा वाद येथें नको. वंशजांनीं तेलाचे घाणे घातले व शनिवारीं ते बंद ठेवले, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. गांवांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर हीं आडनांवें पडलीं. हिब्रू मात्र विसरली. शनिवार, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकली.

पुढें मुंबईस शिक्षण वाढलें, तेव्हां धर्मकथा घरोघर पोंचवाव्या कशा, हा प्रश्न पडला. १८८० च्या सुमारास या समाजानें कीर्तन पत्करलें. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांसारख्यांनीं पूर्वजांचीं चरित्रें साकी, दिंडी, अभंग अशा छंदांत बांधलीं. चाल ओळखीची, भाषा घरची. त्यामुळें अक्षरशत्रु आजीबाईसही समुद्र दुभंगल्याची कथा उमगली. कोणी यास नक्कल म्हणतात. मला तें पटत नाहीं. त्यांनीं देव उसना घेतला नाहीं, कथा सांगण्याची रीत तेवढी घेतली.

मलिद्याचेंही असेंच. (आपण शहरांत 'मलिदा खाणें' म्हणतों, तो नव्हे!) नांव फारसी, गोड पोहे, ओलें खोबरें, फळें हें सारें कोंकणी, आणि स्मरण एलियाहू हन्नाबी या इस्रायली संदेष्ट्याचें. अलिबागजवळ खंडाळें येथील एका खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी श्रद्धा आहे. लग्न, नवें घर, फेडावयाचा नवस, अशा प्रसंगीं मलिद्याचें ताट मांडतात.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलला गेलीं. किनाऱ्यावरील प्रार्थनालयांत विधीस लागणारे दहा पुरुष जमणेंही आतां कठीण झालें आहे. तिकडे 'मायबोली' हें मराठी नियतकालिक निघालें. वयस्क स्त्रियांनीं कीर्तनांतील पदें जपलीं. हिब्रू कळत नव्हती म्हणून तीं पदें मराठींत रचलीं होतीं. नातवंडांची भाषा आज हिब्रू आहे. साकीचा अर्थ त्यांस आजीला विचारावा लागतो.