भंगारासाठी अनुदान

डिझेलचा धूर कमी करायला अमेरिकेचं सरकार गेली बरीच वर्षं जे अनुदान वाटत आलं, त्याच्या नियमावलीत एक फार रांगडी अट आहे. नव्या गाडीसाठी पैसे हवे असतील तर जुन्या गाडीच्या इंजिन ब्लॉकला तीन इंच बाय तीन इंचाचं भोक पाडायचं, चेसीचा दांडा आरपार कापायचा आणि या सगळ्याचे फोटो काढून सरकारला पाठवायचे. ‘गाडी काढून टाकली’ असं नुसतं लिहून दिलेलं चालत नाही. कारण काढून टाकलेली गाडी कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या शाळांनी विकलेल्या पिवळ्या बस ग्वाटेमालात पोहोचतात, तिथे भडक रंगांत रंगवल्या जातात आणि टपावर सामानाचे ढीग घेऊन आणखी वर्षानुवर्षं काळा धूर सोडत फिरतात. एका देशाची हवा साफ करून दुसऱ्याची नासवायला सरकारी तिजोरीतून पैसा कशाला द्यायचा, असा हा साधा हिशेब.

डिझेल इंजिनाशी भांडण मुळात त्याच्या दीर्घायुष्यावरून आहे. नीट देखभाल केली तर ते वीस-तीस वर्षं कुरकुर न करता चालतं. त्यामुळे नव्या इंजिनांसाठी कितीही कडक नियम केले तरी रस्त्यावरची हवा लगेच बदलत नाही. जानेवारी 2001 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, असा नियम केला: डिझेलमधलं गंधक 500 पीपीएमवरून 15 वर आणायचं आणि 2007 पासूनच्या ट्रक-बसच्या इंजिनांनी काजळी दहापट कमी करायची. दोन्ही गोष्टी एकत्र येणं भागच होतं. काजळी पकडणाऱ्या फिल्टरमधल्या उत्प्रेरकाला गंधक बाधतं; इंधन साफ झाल्याशिवाय फिल्टर टिकला नसता. नियम चांगला होता आणि कंपन्यांनी तो पाळलाही. पण तेव्हा देशात जी सुमारे 1 कोटी 10 लाख जुनी डिझेल इंजिनं धडधडत होती, त्यांना हा नियम लागूच नव्हता. ज्याने कायदेशीर गाडी घेतली त्याला दहा वर्षांनी ‘ती आता मोडून टाक’ असं सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यातून अनुदानाची कल्पना पुढे आली.

तशी ती वॉशिंग्टनची नाही. कॅलिफोर्नियाने 1998 मध्येच कार्ल मॉयर या हवा-अभियंत्याच्या नावाने योजना सुरू केली होती. मॉयर आदल्याच वर्षी वारले होते. एक टन प्रदूषण कमी करायला किती डॉलर पडतात या एकाच मापाने तिथे अर्ज तोलले जात. टेक्ससने 2001 मध्ये आपली योजना आणली. त्याच वर्षी पर्यावरणवाद्यांनी कॅलिफोर्नियात स्कूलबसच्या आतली हवा मोजली. बसच्या पुढे चालणाऱ्या मोटारीत जेवढा डिझेलचा धूर असतो, त्याच्या चौपटीपर्यंत तो बसच्या आत आढळला. या एका निष्कर्षाने राजकारण्यांना जेवढं हलवलं तेवढं दहा जाडजूड अहवालांनी हलवलं नसतं. मुलं सगळ्याच पक्षांच्या मतदारांना असतात.

ओहायोचे सेनेटर जॉर्ज व्होयनोविच रिपब्लिकन, क्लीव्हलंडचे माजी महापौर. ओहायोतले अनेक जिल्हे सूक्ष्म धूलिकणांच्या नव्या मानकांत बसत नव्हते, आणि न बसणाऱ्या जिल्ह्यात नवे कारखाने आणणं अवघड होतं. त्यांनी डेलावेअरचे डेमोक्रॅट सेनेटर टॉम कार्पर यांना सोबत घेतलं. इंजिन बनवणारे आणि पर्यावरणवाले, जे एरवी कोर्टातच भेटतात, या वेळी एका बाजूला बसले. जून 2005 मध्ये सेनेटमध्ये हा प्रस्ताव 92 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाला आणि ऑगस्टमध्ये बुश यांनी सही केलेल्या ऊर्जा कायद्याचा तो भाग झाला. नाव ‘डिझेल एमिशन्स रिडक्शन अ‍ॅक्ट’, बोलताना ‘डेरा’. वर्षाला 20 कोटी डॉलर, पाच वर्षं, एकूण 100 कोटी.

हे झालं कागदावर. कायदा मंजूर करणं वेगळं आणि दरसाल अर्थसंकल्पात पैसे घालणं वेगळं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पहिली दोन वर्षं डेराच्या खात्यात काहीच आलं नाही. 2008 मध्ये आले 4 कोटी 92 लाख. मग मंदीने हात दिला: ओबामांच्या 2009 च्या अर्थव्यवस्था सावरण्याच्या कायद्यात डेरासाठी एकदम 30 कोटी निघाले. राज्यांचा हिस्सा सरसकट सारखा वाटला गेला, प्रत्येकी 17 लाख 30 हजार डॉलर. कॅलिफोर्नियाला तेवढेच आणि ओसाड व्हायोमिंगलाही तेवढेच. टनामागे डॉलर मोजणाऱ्याला हे वाटप वेडेपणाचं वाटेल. पण शंभर सेनेटर सांभाळायचे तर असंच वाटावं लागतं.

त्यानंतरचा प्रसंग मला या साऱ्या काळातला सगळ्यात बोलका वाटतो. डिसेंबर 2010 मध्ये काँग्रेसने डेराची मुदत वाढवली, मात्र वर्षाची कमाल मर्यादा निम्म्यावर, 10 कोटींवर आणली. ओबामांनी सही केली 4 जानेवारी 2011 ला. व्होयनोविच आदल्याच दिवशी सेनेटमधून निवृत्त झाले होते. आणि फेब्रुवारीत त्याच ओबामांनी जो अर्थसंकल्प मांडला त्यात डेरासाठी तरतूद होती शून्य! काँग्रेसने ती शून्यावर जाऊ दिली नाही, पण पुढची काही वर्षं रक्कम दोन-तीन कोटींवर रेंगाळली. ट्रम्प आले, त्यांनीही कात्री उगारली. काँग्रेसने उलट रक्कम वाढवत नेली. दोन्ही पक्षांचे अध्यक्ष जिच्याबाबत हात आखडता घेतात आणि दोन्ही पक्षांचे खासदार जिला वाचवतात, अशी ही योजना. एका डॉलरमागे 13 डॉलरचा आरोग्यलाभ, असं ईपीए सांगत होती. तरीही कायद्यात आधी लिहिलेले 20 कोटी मंदीचं ते एक वर्ष सोडलं तर पुन्हा कधी दिसले नाहीत.

पैसा जायचा कसा, हेही पाहू. सुरुवातीला भर होता जुन्या गाडीला नवं उपकरण बसवण्यावर. सायलेन्सरच्या जागी उत्प्रेरक किंवा काजळीचा फिल्टर लावायचा; खर्च पूर्ण सरकारचा. ऐकायला सोपं. पण फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळून जायला धूर चांगला तापावा लागतो, आणि दर चौकात थांबून मूल चढवणारी स्कूलबस तेवढी तापतच नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते आणि मेकॅनिक सरकारला शिव्या घालतो. हळूहळू कल गाडीच बदलण्याकडे गेला. तिथे मात्र नव्या डिझेल गाडीसाठी सरकारचा वाटा फक्त चौथाई, विजेवरच्या गाडीला 45 टक्के. उरलेले पैसे मालकाने उभे करायचे. ज्याचा ट्रक सगळ्यात जुना आणि सगळ्यात धुराडा, त्याच्याच खिशात ते पंचाहत्तर टक्के नसतात. मोठ्या वाहतूक कंपन्या आणि बरी ऐपत असलेली शाळामंडळं अर्ज भरून मोकळी होतात, बंदरावर कंटेनर ओढणारा एकटा ड्रायव्हर मागे राहतो. पुढे स्कूलबससाठी सोडतीने परतावा द्यायची सोय केली, त्याने अर्जाची कटकट कमी झाली. ऐपतीचा प्रश्न तसाच राहिला.

या गोष्टीला एक काळी किनारही आहे. 1998 मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, व्होल्व्हो यांच्यासह सात इंजिन कंपन्यांना सरकारने पकडलं होतं. इंजिनाचा संगणक चाचणीच्या वेळी सभ्य वागायचा आणि महामार्गावर मायलेजसाठी नायट्रोजन ऑक्साइड वाट्टेल तसं सोडायचा. अशी सुमारे 13 लाख इंजिनं होती. ती पुढे म्हातारी झाली, आणि जनतेच्या पैशाने मोडायच्या इंजिनांत त्यांतली काही नक्कीच असणार. लबाडी कंपनीची, भंगाराचा खर्च करदात्याचा. 2015 मध्ये फोक्सवॅगनचा मोटारींतला तोच खेळ उघडकीला आला. मात्र या वेळी भरपाईतून 290 कोटी डॉलरहून मोठा निधी राज्यांसाठी निघाला, आणि तो डेराच्या जोडीला लावायची मुभाही मिळाली. माझ्या मते या काळातलं सगळ्यात न्याय्य अनुदान हेच, कारण ते दोषीच्या खिशातून आलं. आपल्या कोथरूडमुळे घरचं वाटणारं कमिन्सचं नाव डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा आलं: रॅम पिकअपच्या इंजिनांतल्या तशाच आरोपांवरून 167.5 कोटी डॉलरचा दंड, हवेच्या कायद्याखालचा तोवरचा सर्वांत मोठा. कंपनीने चूक कबूल केली नाही, पैसे भरायचं मान्य केलं.

2021 नंतर चित्र पालटलं. बायडन यांच्या पायाभूत सुविधा कायद्यात नुसत्या स्वच्छ स्कूलबससाठी पाच वर्षांना 500 कोटी डॉलर आले. डेराने चौदा-पंधरा वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते एका फटक्यात. पहिल्या फेरीतल्या जवळजवळ सगळ्या बस विजेच्या होत्या. घाई इतकी, की बस आली पण चार्जरला वीजजोडणी नाही, अशी गत काही गावांत झाली. डिसेंबर 2024 मध्ये कॅनडातली लायन इलेक्ट्रिक ही बस कंपनी कर्जात बुडून कोर्टाच्या आश्रयाला गेली. तिच्या बस घेतलेल्या शाळांना दुरुस्ती आणि सुट्या भागांसाठी कोणाकडे जायचं ते कळेना.

डेराची अधिकृत मुदत 2024 च्या आर्थिक वर्षाबरोबर संपली. कार्परही जानेवारी 2025 मध्ये निवृत्त झाले. त्या जुलैत ट्रम्प यांच्या मोठ्या कर-खर्च कायद्याने मालवाहतुकीतल्या डिझेलसाठी 2022 मध्ये दिलेल्या 6 कोटींपैकी जे खर्चाला लागले नव्हते ते काढून घेतले. व्होयनोविच-कार्पर जोडीसारखं डेराला उचलून धरणारं कोणी सेनेटमध्ये आता ठळकपणे दिसत नाही. विजेच्या बसच्या झगमगाटात साध्या फिल्टरची फाइल मागे पडली, हे मला पटत नाही. बंदरातली टगबोट, यार्डातलं जुनं रेल्वे इंजिन, शेतातला पंप यांना बॅटरी लागायला अजून बराच अवकाश आहे.