पत्रादेवी आणि नाटोचा करार

पेडणे महालातील पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक पाहिले की आमच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीला एवढे धाडस कोठून आले?

१९४९ साली स्थापन झालेल्या नाटोचा पोर्तुगाल संस्थापक सभासद. गोव्यावर चाल झाल्यास बडी मित्रराष्ट्रे धावून येतील व वणवा पसरेल, अशी भीती पुष्कळांना वाटे. परंतु कराराच्या सहाव्या कलमाने आखलेल्या संरक्षणक्षेत्रात गोवा नव्हताच. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना डिचोलीच्या बाजूनेही आत शिरली. अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध मत दिले. सोव्हिएत नकाराधिकाराने तो ठराव फेटाळला गेला. सैन्य मात्र कोणीच धाडले नाही. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम बाजूस सारून गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा १९ डिसेंबरला शरण आले. वणवा पसरला नाही.

वाचकहो, परक्या बळाच्या भरवशाने राज्यकर्त्यांचा हट्ट वाढतो. त्याचे मोल मात्र पत्रादेवीसारख्या सीमेवर सामान्य माणसे प्राणांनी चुकवितात. आजची दूरदेशीची युद्धे पाहताना हे आम्ही विसरू नये.