उंबरठ्यावरचा ‘पैसा’

मृगाचे दोन पाऊस झाले की सकाळी अंगण झाडायला निघालेली बाई दारातच थबकते. भिंतीच्या कडेनं, न्हाणीच्या मोरीजवळ, तुळशीच्या ओट्याखाली तांबूस-काळ्या वाणी सरपटत असतात. काडी लावली की गुंडाळी करून पडतात, थेट नाण्यासारख्या. म्हणून कोणी त्यांना ‘पैसा’ही म्हणतात. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या खिशात नसतो तो पैसा असा घरभर सांडलेला पाहून हसावं की रडावं, तुम्हीच सांगा!

हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. भोवती काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिकं. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाणीला ओल लागते, कारण तिच्या अंगातलं पाणी लवकर उडून जातं. म्हणून ती उन्हाळाभर मातीत, दगडाखाली, कुजक्या पाल्यात दडून राहते. पाऊस आला की वर येते, आणि माती पाण्यानं गच्च भरली की कोरड्या जागेच्या शोधात भिंतीकडे सरकते. तुमच्या घरात तिला काही खायचं नसतं. वाट चुकलेली पाहुणी ती. कोरड्या फरशीवर एक-दोन दिवसांत बहुधा वाळूनच मरते.

पुष्कळ लोक वाणीला गोम समजून चपलेनं ठेचतात. दोघींतला फरक ओळखणं सोपं आहे. गोम चपटी आणि चपळ, तिच्या प्रत्येक वेढ्याला पायांची एकच जोडी, आणि ती चावते. वाणी गोल, संथ, तिच्या बहुतेक वेढ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, आणि ती चावत नाही. इंग्रजीत तिला ‘मिलीपीड’, म्हणजे हजार पायांची म्हणतात, पण खरोखर हजारावर पाय असलेली जात २०२१ मध्ये कुठे जगासमोर आली. ऑस्ट्रेलियात खोल जमिनीत सापडलेल्या त्या जातीच्या एका वाणीचे पाय भरले १,३०६! आपल्या अंगणातलीला तेवढे नसतात, उगाच मोजत बसू नका.

मात्र तिला चिरडू नका. डिवचलं की तिच्या अंगातून उग्र वासाचा रस निघतो. त्याचा हाताला पिवळा-तपकिरी डाग पडतो, नाजूक कातडीची आग होते. लहान पोरं वाणीची गोळी करून खेळतात आणि तोच हात डोळ्याला लावतात. हात साबणानं धुवावेत. रस डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्यानं डोळा बराच वेळ धुऊन दवाखाना गाठावा. त्यावर गावठी औषध करू नये.

आता घरात आलेल्यांचं काय करायचं? खराटा आणि सुपली घ्या, भरा आणि उकिरड्यावर नेऊन टाका. कुजका पाला खाऊन त्याची माती करणं हेच तिचं मूळ काम, तेव्हा खताच्या खड्ड्यात ती कामाचीच आहे. रोज भरूनही येतच राहिल्या, तर घराच्या भिंती बाहेरून पाहा. आपल्याकडे पऱ्हाट्यांचा ढीग बहुतेक भिंतीलाच टेकलेला असतो. त्याखाली ओल, अंधार, कुजका पाला. वाणीला आणखी काय पाहिजे? तो ढीग पावसाआधीच भिंतीपासून दूर रचा. मोरीचं पाणी भिंतीशी मुरू देऊ नका. दाराखालच्या फटीत गोणपाटाची घट्ट गुंडाळी अडकवा, भिंतीच्या भेगा सिमेंटनं बुजवा. एवढ्यानं येणाऱ्या पुष्कळ कमी होतात.

पूर्वी घराघरात गॅमेक्सिनची पांढरी भुकटी फेकली जायची. तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली. शेतातल्या फोरेटची विक्रीही २०२० च्या अखेरीस बंद झाली. तरी कोपऱ्यातला जुना डबा काढून दारात विष शिंपडण्याचा मोह होतोच. तो टाळा, बाप्पा! २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि ते तर मोकळ्या शेतात होते. इथे त्याच जमिनीवर लेकरू रांगतं, तिथेच आपण जेवायला बसतो.

खरं दुखणं शेतातलं आहे. अलीकडच्या वर्षांत विदर्भात वाणी कुजकं सोडून कोवळ्या पिकावर उतरू लागली आहे. कपाशीचं, सोयाबीनचं भिजलेलं बी ती पोखरते, जमिनीतून नुकतंच निघालेलं रोप बुडाशी कुरतडते. काम सगळं रात्रीचं. सकाळी ओळीत खाडे दिसतात आणि माणूस बियाण्यालाच दोष देतो. मग पुन्हा बियाण्याची थैली, पुन्हा मजुरी, आणि मागून डोबलेलं रोप पहिल्याच्या सावलीत खुरटतं. पेरणीनंतर पावसानं ताण दिला तर हा त्रास वाढतो. चांगले पाऊस होऊन रोपाचं खोड टणक झालं की कमी होतो. म्हणजे जपायचे ते सुरुवातीचे दिवस.

त्यासाठी स्वस्तातला उपाय असा: धुऱ्यावरचं गवत, काडीकचरा पेरणीआधीच साफ करा. उगवणीच्या वेळी संध्याकाळी वावरात जागोजागी ओल्या गवताचे लहान ढीग ठेवा. रात्री फिरून झालेल्या वाणी पहाटे त्याखाली जमतात. ऊन चढायच्या आत ढीग उचलून त्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. एका शेतकऱ्यानं केलं आणि शेजाऱ्यानं नाही, तर धुरा ओलांडायला तिला वेळ लागत नाही; म्हणून लागूनच्या वावरांनी मिळून करावं.

एवढं करूनही ओळी रिकाम्या पडत असतील, तर दुकानदार देईल ते औषध आणू नका. चार वाणी झाकणाच्या बाटलीत भरा, कुरतडलेलं रोप मातीसकट उपटा आणि दोन्ही सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा. बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं मात्र पाडा, तपासणाऱ्याला जिवंत वाणी पाहता आली तर बरं.